घरची मोटार आणि तिचे ब्रेक

एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु एकट्याची म्हणून फार दिवस रहात नाहीं. ज्यानें पैसे मोजले त्याची ती पहिले चार दिवस असते. पुढें ती आजीची होते, काकूंची होते, शाळेंत जाणाऱ्या मुलांची होते, आणि सुटींत आलेल्या पाहुण्यांचीहि होते. शिवणाच्या यंत्राचें असें झालें, फ्रिजचें असें झालें. मग मोटार त्याला अपवाद कशी असणार? माझ्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एक जुनी मोटार विकत घेतली, तेव्हां ती केवळ आपल्या हौसेसाठीं घेतली असा त्याचा समज होता. आज तींत आठवड्यांतून तीन वेळां तरी कोणी ना कोणी वडीलधारें माणूस बसलेलें असतें. यामुळें तिचे ब्रेक बदलण्याचा प्रश्न, जो एरवीं तो व त्याचा मिस्त्री यांच्यामध्यें तासाभरांत निकालांत निघाला असता, तो आमच्या भंडाऱ्याच्या घरांत तीन आठवडे चालला. आणि तो तसा चालला हें बरेंच झालें, असें माझें मत आहे.

मोटार म्हणजे स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया कॉम्बी, २००५ सालची. मूळ कंपनी चेक देशांतली. परंतु २००१ सालापासून औरंगाबादजवळ शेंद्रा येथें तिच्या गाड्यांची जुळणी होऊं लागली (त्या शहराचें नांव आतां छत्रपती संभाजीनगर आहे), आणि ऑक्टेव्हिया ही तेथून बाहेर पडलेली पहिली गाडी. कॉम्बी ही तिचीच जरा लांब बहीण. छप्पर मागच्या दारापर्यंत सरळ नेलेलें, डिकी एखाद्या कोठीच्या खोलीसारखी. ही घडण आपल्याकडे लोकांस रुचली नाहीं. मोटारीला मागें शेपूट हवेंच असा आपला त्या काळीं आग्रह होता, म्हणून अशा गाड्या थोड्याच खपल्या. आमच्या मातोश्रींची चाकांची खुर्ची घडी करून तींत ठेविली तरी तिच्या शेजारीं चार जणांच्या पिशव्या सहज मावतात, तेव्हांपासून मला शेपटीचें महत्त्व फारसें पटत नाहीं. तरुण मंडळी मात्र अशा गाडीकडे वळतात तीं डिकी पाहून नव्हे. एंजिनाला टर्बो आहे. साठाच्या वेगावर असतां पाय किंचित् दाबला कीं मागून कोणी ढकलल्याप्रमाणें गाडी पुढें झेपावते. पुतण्याच्या भाषेंत ती ‘पळते’.

आतां घरांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. पुतण्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू, यांना बऱ्याच वर्षांपूर्वीं साकोलीच्या वाटेवर अपघात झाला होता. मार्गशीर्षाचे दिवस, दिवेलागणीची वेळ, आणि पुढें धानानें लादलेली, मागें एकहि दिवा नसलेली ट्रॉली. भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस याहून अधिक सांगणें नको. बंधू वांचले; उजवा गुडघा तेवढा कायमचा अधू झाला. त्यांनीं स्वतः गाडी चालविणें सोडलें, पण त्याबद्दल कधीं चकार शब्द काढला नाहीं. फक्त पुढच्या बाकावर बसले असतां, समोरच्या वाहनाचा लाल दिवा लागला कीं त्यांचा उजवा पाय खालच्या चटईवर दाबला जातो. तेथें ब्रेक नाहीं हें त्यांना ठाऊक आहे; पायाला ठाऊक नाहीं. मुलाला ही गोष्ट लहानपणापासून दिसत आलेली आहे, आणि ब्रेकविषयीं त्याचा जो उत्साह आहे त्याचें मूळ निव्वळ वेगाच्या आवडींत असावें, असें मला वाटत नाहीं.

पावसाळा संपतां संपतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, ऐंशीच्या वेगांत ब्रेक लावला असतां स्टिअरिंग हातांत थरथरतें. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी चाकांसह बांधींतून थेट डांबरी रस्त्यावर येतात आणि कोसभर चिखल सांडीत जातात. तो चिखल चाकांत जाऊन बसतो. त्यांत गाडी चार दिवस पावसांत उभी राहिली कीं डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंज धरतो. मिस्त्रींनीं चाक काढून पाहिलें आणि म्हणाले, “डिस्क प्लेट लेथवर लावून घेऊं, साफ होऊन जाईल.” हा सल्ला कांहीं अगदींच टाकाऊ नव्हे. परंतु डिस्क किती जाड उरली आहे हें मोजल्यावांचून तिला लेथवर चढविणें म्हणजे आजाऱ्याची नाडी न पाहतां जुलाब देण्यासारखें होय.

तीस वर्षें विज्ञान शिकविल्यामुळें माझ्यापाशीं एक स्क्रूगेज आहे. व्हर्निअर येथें फसवितो. कारण डिस्कचा बाहेरचा कांठ झिजत नाहीं, आणि व्हर्निअरचे जबडे नेमके त्या कांठावर टेंकून जाडी अधिक दाखवितात. स्क्रूगेजचें टोंक आंत झिजलेल्या भागावर पोहोंचतें. आमच्या डिस्कचा व्यास २८० मिलिमीटर आणि नवी असतांनाची जाडी २२ मिलिमीटर. किमान जाडी किती असावी हें डिस्कवरच कोरलेलें असतें. गंज घासून पाहिलें तों १९ हा आंकडा निघाला. उजवीकडची १९.४ भरली, डावीकडची १८.७. लेथचा प्रश्न तेथेंच मिटला. डिस्क नेहमीं जोडीनें बदलतात, एकटी कधींच नाहीं. नाहींतर गाडी ब्रेकच्या वेळीं एका बाजूला ओढूं लागते.

तीन मिलिमीटरांनीं असें काय बिघडतें, हा प्रश्न मातोश्रींनीं विचारला आणि तो योग्यच होता. ब्रेकचें काम गाडी थांबविणें हें खरें, पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें पाहिलें तर ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारी एक शेगडी आहे. समजा, पांच माणसें व सामान धरून गाडी १८०० किलोची आहे आणि वेग ताशीं १०० किलोमीटर आहे. ती थांबवितांना जी उष्णता निघते तिच्यावर साध्या तपमानाचें दोन लिटर पाणी उकळीस येईल. ही सारी उष्णता कांहीं सेकंदांत निर्माण होते आणि तिचा मोठा वांटा पुढच्या दोन डिस्कना घ्यावा लागतो, कारण ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो. सात-सात किलोंच्या डिस्क धरल्या तर एका थांब्यांत प्रत्येकीचें तपमान सुमारें पाऊणशें अंशांनीं चढतें. लागोपाठ पांच-सहा वेळां असें केलें तर काय होईल हें गृहिणींना सांगावयास नको. पातळ तवा आणि जाड तवा यांतला भेद त्या रोज पाहतात. झिजलेली डिस्क म्हणजे पातळ तवा. ती लवकर तापते, आणि तापलेली असतां चिखलपाणी उडालें तर तडकण्याची भीति अधिक.

डिस्क बिडाची असते, आणि त्यामागें कारण आहे. बिडांत ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात. ते उष्णता झटपट पसरवितात आणि आवाज व कंप गिळून टाकतात. आमचें गांव पितळेच्या भांड्यांसाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध. भांडें नखानें वाजवून धातूची परीक्षा करणारे म्हातारे कारागीर मीं लहानपणीं पाहिले आहेत. चांगलें पितळ घुमतें, आणि चांगलें बीड ठोक्याला मंद बोलतें. ब्रेक किंचाळूं नयेत म्हणून डिस्कला ही मुकी धातु लागते.

पुतण्याची निवड तयार होती. संगणकावरील चित्रांत ती फार सुंदर दिसे: ३१२ मिलिमीटरची डिस्क, तिला आरपार भोंकें पाडलेलीं व खांचा कोरलेल्या, वर तांबडे कॅलिपर, आणि शर्यतीच्या गाड्यांचे पॅड. त्याचें म्हणणें असें कीं, गाडी जितकी जोरानें पळते तितक्याच जोरानें ती थांबली पाहिजे. विचार निर्दोष आहे. मोटारीच्या इतिहासांतहि थांबण्याची विद्या पळण्याच्या विद्येमागून धांवत आली आहे. १८८८ सालीं बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगतां आपल्या दोन मुलांना घेऊन त्याची नवी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. वाटेंत उतारावर लांकडी ब्रेक झिजूं लागले, तेव्हां तिनें एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना ती हीच, असें मानतात. डिस्क ब्रेकचें पेटंट लँचेस्टर नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९०२ सालीं घेतलें. पण त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ सालीं, जॅग्वार गाड्यांनीं डिस्क ब्रेक लावून ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हां. आपल्याकडच्या जुन्या फियाट व अँबॅसडर गाड्यांना त्यानंतरहि कित्येक वर्षें चारी चाकांत ड्रमच होते.

तेव्हां शर्यतीचें उदाहरण पुतण्यानें द्यावें हें स्वाभाविक होतें. परंतु भोंकांचा प्रकार मला मान्य नव्हता. पूर्वींच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघे. तो बाहेर जावा म्हणून भोंकें पाडूं लागले. हल्लींच्या पॅडना ती गरज फारशी उरलेली नाहीं. उलट भोंकामुळें धातु कमी होते आणि चीर पडायची ती बहुधा भोंकाच्या कडेपासूनच पडते. खांचा त्या मानानें बऱ्या, पण त्या पॅड लवकर झिजवितात आणि घरघर आवाज करतात. ३१२च्या डिस्कला कॅलिपर धरणारा कंसहि मोठा घ्यावा लागतो आणि चाकें निदान सोळा इंची लागतात. आमचीं पंधरा इंची आहेत. एक डिस्क बदलण्यासाठीं चार चाकें व चार टायर घेणें हें एकत्र कुटुंबाच्या खर्चांत कसें बसवावें, याचें उत्तर त्याच्याजवळहि नव्हतें.

पॅडचा वाद मात्र माझ्या गणितानें मिटला नसता. तो मिटविला त्याच्या आईनें. चार दिवस ती आमचें बोलणें ऐकत होती. एके रात्रीं तांदूळ निवडतां निवडतां तिनें मुलाला विचारलें, “अरे, पहांटे गाडी बाहेर काढलीस आणि गल्लीच्या तोंडाशीं एखादें पोर आडवें आलें, तर हे पॅड पहिल्याच खेपेला धरतील का?”

पुतण्या गप्प झाला. कारण त्यानें सारें वाचलेलें होतें, आणि हेंहि वाचलेलें होतें कीं, शर्यतीचे कांहीं पॅड दीडदोनशें अंश तापल्यावांचून नीट धरीत नाहींत. ते जेथें वापरतात तेथें प्रत्येक वळणावर ब्रेक लागतो, म्हणून ते सदा तापलेले असतात. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर, सपाट हमरस्ता, वीस-वीस मिनिटें ब्रेकला पाय लागत नाहीं, आणि मग एकाएकीं म्हैस, दुचाकी किंवा बिनदिव्याची ट्रॉली समोर उभी रहाते. साकोलीकडे गेलें तर नागझिऱ्याच्या रानांतून बाहेर आलेलें चितळ. आमच्या जिल्ह्यांतला ब्रेक लागतो तो बहुधा थंडच असतांना लागतो. “आईचा प्रश्न बरोबर आहे, काका,” तो मला म्हणाला. त्यानें तांबड्या कॅलिपरचें चित्र बाजूला सारलें, आणि तें पाहून मला बरें वाटण्याऐवजीं जरा वाईटच वाटलें. तरुण माणसाची हौस मोडणें हें कांहीं फार मोठें कर्तृत्व नव्हे.

म्हणून मीं घाटाची बाजू त्याच्या वतीनें मांडली. वर्षांतून एकदां आमचें बिऱ्हाड चिखलदऱ्याला जातें. तेथून परतवाड्याकडे उतरतांना गाडी सातशें मीटर खालीं येते असें धरलें तर तेवढ्या उतरणीची सारी शक्ति सदतीस लिटर पाणी उकळवील. ती सगळी ब्रेकवर टाकली तर कसलेहि पॅड दमतील. गिअर खालचा ठेवला तर तिचा मोठा भाग एंजिन सोसतें. तरी अगदीं साधे, तापतांच सैल पडणारे पॅड घेणेंहि बरोबर नव्हतें. म्हणजे थंड असतां लगेच धरणारे आणि घाटांतहि न दमणारे असे मधले पॅड पाहिजे होते. गाडीच्या मूळ कारखान्यानें बहुतेक हाच विचार केलेला असतो. त्यानें नेमलेल्या मापाची साधी, आंतून हवा खेळणारी डिस्क आणि त्याच प्रतीचे पॅड, येथें आम्हां दोघांचें एकमत झालें.

निवड ठरली तरी खरेदी सोपी नव्हती. एकाच नांवाच्या या गाडीला परदेशांत २५६, २८० आणि ३१२ अशा निरनिराळ्या मापांच्या डिस्क येत. केवळ नांव व साल सांगून मागितलें तर भलतीच यायची. पुतण्यानें येथें आपलें कसब दाखविलें. डिकींत, जादा चाकाच्या खळग्यांत, एक कागदी पट्टी चिकटविलेली असते. तीवर गाडीला कारखान्यांत काय काय लावलें त्याचे संकेत छापलेले असतात. तीवरून व मोजमापावरून त्यानें नेमकें माप काढलें. शिवाय या गाडीचा सांगाडा फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फचा व ऑडीच्या पहिल्या ए-थ्रीचा आहे, हें त्याला ठाऊक असल्यामुळें, एका दुकानांत ‘हा माल बंद झाला’ असें उत्तर मिळालें तेव्हां तो निराश झाला नाहीं. तेच भाग त्या गाड्यांच्या नांवावर मिळाले.

एका दुकानदारानें नामांकित कंपनीच्या खोक्यांतले पॅड तिसऱ्या हिश्शाच्या किंमतींत पुढें केले. खोकें फार सुबक होतें, परंतु पॅडच्या पाठीवर एक अक्षर नव्हतें. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: चांगल्या पॅडवर कारखान्याची खूण, घाणीची संख्या आणि बहुधा दोन इंग्रजी अक्षरें असतात. अमेरिकन पद्धतीनें पहिलें अक्षर साध्या तपमानावरची पकड दाखवितें व दुसरें तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलें अक्षर चांगलें आणि दुसरें त्याहून खालचें असेल तर ते पॅड तापल्यावर दगा देणारे. युरोपांत विकावयाच्या बदली पॅडना ‘आर ९०’ नांवाच्या नियमाची परीक्षा द्यावी लागते. मूळ पॅडच्या तुलनेंत पंधरा टक्क्यांहून अधिक फरक पडतां कामा नये, अशी तींत अट आहे, आणि उतरलेल्या मालावर ‘ई’ हें अक्षर व देशाचा आंकडा असतो. आम्हीं घेतलेल्या पॅडवर ही खूण होती आणि अक्षरें ‘एफ एफ’ होतीं. ते पुण्याहून आठ दिवसांनीं आले.

वांचलेले पैसे कोठें घालावे याबद्दल मात्र मीं हट्ट धरला. ब्रेक ऑइल हवेंतलें पाणी शोषून घेतें, आणि आमच्यासारख्या तळ्यांच्या, धानाच्या मुलखांत पावसाळ्यांतील हवेला पाण्याचा तोटा नाहीं. ‘डॉट ४’ जातीचें ताजें ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पाणी मुरलेल्याला नियमानें १५५ पर्यंतच टिकावें लागतें. घाटांत तें उकळलें तर नळींत वाफ होते आणि पाय थेट तळाला जातो. डिस्क कितीहि उंची असली तरी मग तिचा उपयोग शून्य. दर दोन वर्षांनीं तें बदलावें. गाडी घेतल्यापासून आमचें बदललेलें नव्हतें आणि आधींच्या मालकानें केव्हां बदललें याची नोंद नव्हती. निघालें तें चहाच्या रंगाचें होतें. त्याबरोबर रबरी नळ्या, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन पिना स्वच्छ करून त्यांच्याच जातीचें ग्रीस, एवढा खर्च झाला. डाव्या बाजूची एक पिन जाम झालेली होती. ती बाजू अधिक कां झिजली याचा उलगडा तेथें झाला.

मिस्त्रींचें काम पहावयास मी व बंधू दोघेहि बसलों होतों. मिस्त्री गुणी माणूस. हवेच्या नळीनें धूळ उडवूं नका, ओल्या फडक्यानें पुसा, जुन्या पॅडच्या धुळींत काय काय असेल सांगतां येत नाहीं, एवढें सांगतांच त्यांनीं ऐकलें. नवी डिस्क बसविण्यापूर्वीं चाकाच्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशानें घासून काढला. हें काम फार जण टाळतात. गंजाचा एक कण खालीं राहिला तर नवी डिस्कहि डोलते आणि महिन्याभरांत थरथर परत येते. डिस्कवरचें गंजरोधक तेल पुसलें. मागचे पॅड बदलतांना कॅलिपरचा दट्ट्या नुसता दाबून आंत जात नाहीं, दाबीत दाबीत फिरवावा लागतो, हें पुतण्यानें दाखविलें. चाकांचे बोल्ट मोजणीच्या पान्यानें १२० न्यूटन-मीटरवर आंवळले.

नवे पॅड डिस्कशीं जुळून येण्यास वेळ द्यावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, बेताच्या जोरानें, मधें थंड होऊं देऊन, पंचवीस-तीस वेळां गाडी हळू करावी. तापले असतां ब्रेक दाबून उभें राहूं नये. आणि पुढचे तीनशें किलोमीटर जपून चालवावी. दुसऱ्या दिवशीं पहांटे पुतण्या पवनीच्या रस्त्यावर निघाला, तों बंधू न बोलावतां काठी घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसले. मी मागें होतों. अड्याळच्या अलीकडे रस्ता मोकळा होता, दोन्हीं बाजूंना कापणीला आलेलें धान. मुलगा गाडी हळू करी, पुन्हां वेगांत नेई, आणि बंधू मोठ्यानें मोजीत: सहा, सात, आठ. मागच्या बाकावरून त्यांचा पाय मला दिसत नव्हता. चोविसाव्या वेळीं ते म्हणाले, “बाकीच्या सहा परततांना कर. घरीं चहा झाला असेल.”